लेकीचं तिकीट

पारडटोल्याच्या थांब्यावर इस्तारी तिकिटं विकायचा. कोणी त्याला मास्तर म्हटलं की तो मनातून फुलायचा आणि वरून म्हणायचा, "मास्तर कायचा जी, ठेकेदार हाव मी." खरं तर ठेकेदार हा शब्दही त्याला सैलच होत होता. नागभीडहून पुठ्ठ्याच्या तिकिटांची गड्डी आणायची, टिनाच्या शेडमध्ये टेबल मांडून विकायची आणि विकलेल्या तिकिटांमागे जे चार पैसे सुटतील ते खिशात घालायचे, एवढाच कारभार. पगार नाही, डोक्यावर टोपी नाही. पोट भरायचं ते गावच्या तलावावर. इस्तारी ढिवराच्या घरचा. पहाटे जाळं, नऊ वाजता गाडी, दुपारी पुन्हा जाळं.

ती गाडी म्हणजे चांदा-नागभीड अशी ये-जा करणारी, छोट्या लाइनीची. धावायची तिला घाई नव्हती. तलावाच्या पाळीवरून टोपली घेऊन पळत येणारी बाई दिसली, की ड्रायव्हर शिटी मारून मुकाट थांबायचा. चढायच्या त्या बहुतेक बायाच. कोणी मासोळी घेऊन बाजाराला निघालेली, कोणी माहेराला, कोणी माहेराहून परत.

या थांब्यावर एक रीत पडली होती, आणि ती पाडली खुद्द इस्तारीनेच. त्याची एकुलती लेक दामिनी चांद्याच्या बाजूला, मूल गावात दिलेली. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी राहून ती परत निघाली, तेव्हा टेबलासमोर उभी राहून तिने पैसे पुढे केले. इस्तारीने ते तिच्याच मुठीत परत दाबले. "लेकीले वाटे लावताना तिच्या हातात काही द्याव लागते बाई, घ्याव नाई लागत," तो म्हणाला. म्हणाला ते छानच, पण दामिनीच्या मागे शेजारच्या सुगंधाबाईची लेक उभी होती. तिच्याकडून कुठल्या तोंडाने घेणार? महिनाभरात गावच्या एकाही लेकीचं तिकीट फाडायचं नाही, असा नेमच होऊन बसला. मग सुनांनी भांडण काढलं, की आम्ही काय कोणाच्या लेकी नाही का? तेही खरंच होतं. अशा रीतीने पारडटोल्याच्या बाया फुकट हिंडू लागल्या आणि इस्तारी साऱ्या गावाचा बाप झाला. चूक होती का? होती. तिकीट सरकारचं होतं, इस्तारीच्या बापाची इस्टेट नव्हती. पण तपासनीस त्या गाडीत वर्षातून दोनदा दिसायचा, आणि त्या काळात कोणाला यात पाप दिसलं नाही हेही तितकंच खरं.

पाप दिसलं ते एकट्या गोकुळाला, इस्तारीच्या बायकोला. ती रोज टोपली घेऊन बाजाराला जायची आणि रोज टेबलावर पैसे आपटायची. "माझं तिकीट फाडा. घरची बाई फुकटात जाते असं कोनी म्हनाले नोको." इस्तारी हसायचा, फाडायचा. बायकोकडून पैसे घेणारा नवरा म्हणून बाया त्याची टर उडवायच्या.

ब्याण्णव साली बातमी आली की छोटी लाइन उखडून मोठी टाकणार. गावोगाव दुसरा विषय उरला नाही. तांदळाच्या गिरणीवाले बापूराव म्हणायचे, मोठी लाइन झाली की वॅगनी भरभरून तांदूळ जाईल. म्हातारे म्हणायचे, मोठी गाडी लहान गावाला ओळखत नाही. चावडीवर हमरीतुमरी व्हायची आणि त्यात सगळ्यात वरचा आवाज असायचा इस्तारीचा, तोही मोठ्या लाइनीच्या बाजूने. "अरे, दिल्लीची गाडी आपल्या गावावरून जाईन! मी पक्क्या प्लाटफारमावर बसीन!" त्याने स्वतः फिरून अर्जावर दोनशे अंगठे घेतले होते. आपला थांबा जाऊ शकतो हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. रोज तीस-चाळीस माणसं चढतात तो थांबा कोण काढेल?

कोणते थांबे ठेवायचे आणि कोणते गाळायचे, याची सभा बापूरावांच्या गिरणीच्या आवारात भरली. रेल्वेचा साहेब आला होता, तरुण, बोलायला मऊ. एकेक गाव पुकारायचा, कागद वाचायचा. पारडटोल्याची पाळी आली. तो म्हणाला, "रोजची सरासरी, चार तिकिटं. हा थांबा ठेवता येणार नाही."

सभेत कल्लोळ उठला. लोक उभे राहिले. "चार? साहेब, चाळीस बाया चढतेत! या, डोळ्यानं पाहा!"

"असतील," साहेब म्हणाला. "मग तिकिटं कुठे आहेत?"

कोणी इस्तारीकडे पाहिलं नाही. न पाहण्यासाठी सगळ्यांनी माना इतक्या खाली घातल्या, की साहेबाला सारं कळलं असावं.

इस्तारी उठला. "साहेब, मानसं खरी हायेत. तिकिटं मीच फाडली नाई. लेकींपासून पैसे घेववले नाई माह्याच्यानं."

साहेबाने पेन खाली ठेवलं. त्याला राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. "भाऊ, हे मी लिहून घेतलं, तर वर सांगून फेरमोजणी लावता येईल. आठ दिवस माणूस बसवू, थांबा वाचेलही. पण तुमच्यावर केस होईल, कदाचित आत जाल. नाही लिहिलं, तर थांबा गेला. सांगा, काय करू?"

"लिहा," इस्तारी म्हणाला.

"लिहू नोका!" बायांच्या घोळक्यातून गोकुळा उभी राहिली. उभ्या आयुष्यात ती सभेत बोलली नव्हती. "साहेब, लिहू नोका. थांबा गेला त पायी जाऊ आमी. मानूस गेला त कोठून आनू?"

साहेबाने गावाकडे पाहिलं. बापूराव आधी खाकरले, मग म्हणाले, "बाई बोलते तेच गावाचं समजा." कोणी विरोधात बोललं नाही. ज्यांच्या लेकी फुकट गेल्या होत्या ते सगळे तिथेच बसले होते. साहेबाने पुढचं गाव पुकारलं.

पुढे कामासाठी लाइन बंद झाली, रूळ उखडले, भराव उंच झाला. टिनाचं शेड एका दिवसात निघालं. नव्याण्णवच्या सुमारास मोठी गाडी सुरू झाली आणि पारडटोल्यावरून वारा उडवत जाऊ लागली. पुढचं, बाजाराच्या गावचं स्टेशन नऊ किलोमीटर, मागचं पंधरा. गावात एसटी यायची ती रस्ता कोरडा असेल तेव्हा, तीही आठवड्यातून एकदा. बाया टोपल्या घेऊन पायी निघू लागल्या. लेकी आधी महिन्याला येत, मग सणाला, मग फक्त दिवाळीला. कोणी इस्तारीला एका शब्दाने टोचलं नाही, आणि तेच त्याला सोसेना. कोणी शिवी घातली असती तर तिला उत्तर देता आलं असतं.

गोकुळाही नऊ किलोमीटर जायची, नऊ यायची. दम लागायचा, पण नवऱ्याला दिसेल अशी वाटेत कधी बसली नाही. वळणाआड बसून घ्यायची, हे त्याला दुसऱ्या बायांकडून कळलं. दोन हजार एकच्या थंडीत तिने अंथरूण धरलं. गावात नुकताच फोन बसला होता. त्यावरून मूलकडे निरोप गेला, माय बिमार हाये, ये. त्याच रात्री गोकुळा गेली. दुसऱ्या दिवशी फोन लावला, तोवर दामिनी घरातून निघाली होती.

दुपारच्या गाडीने येईल, असा इस्तारीने हिशेब केला. गाव थांबलं. तिरडी बांधून तयार होती, तरी थांबलं. सव्वाचारला गाडी इथून जाणार, पुढे नऊ किलोमीटर, तिथून चालत. थंडीतला दिवस, सूर्य घाई करत होता. मसणवट तलावापलीकडे, भरावाला लागूनच. गाडीचा आवाज आला तसा इस्तारी सगळ्यांना सोडून धावत भरावावर चढला, खांद्यावरचा दुपट्टा काढून दोन्ही हातांनी हलवू लागला. थांब, असं त्याला म्हणायचं होतं. डबे धडधडत गेले. एका खिडकीत त्याला लेकीचा चेहरा दिसला. ती हसत होती. तिनेही हात हलवला.

सूर्य बुडायला आला तेव्हा बापूरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "इस्तारी, आता नाई थांबता येत." त्याने अग्नी दिला.

दामिनी आली तेव्हा चितेवर लाकूड उरलं नव्हतं. तिच्या पिशवीत संत्री होती. "तुमी हात हालवत होते बाबा," ती पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत होती. "मले वाटलं माय बरी झाली, म्हनून तुमी सांगाले आले. मी बाजारात थांबून संत्री घेत बसली. भाव करत बसली मी." सुगंधाबाईने तिला पोटाशी धरलं. इस्तारी दूर उभा होता. लेकीला धरायला त्याचे हात उठले नाहीत.

तेरवी झाली. दामिनी परत निघाली तसा इस्तारी तिच्यासोबत नऊ किलोमीटर चालत स्टेशनावर गेला. प्लॅटफॉर्म पक्का होता, सिमेंटचा, वर पत्रा. तिकिटाच्या खिडकीपाशी त्याने खिशात हात घातला, तेव्हा दामिनीने तो धरला.

"माझं तिकीट मी काढीन बाबा."

"काढू दे न बाई."

"तवाही मी पैसे हातात धरूनच उभी राहे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसती दमलेली होती. "दर खेपी धरत होती. तुमी घेतले असते त आज गाडी आपल्या गावाले थांबली असती."

इस्तारीने हात खिशातून काढला आणि तो बाजूला झाला. दामिनीने खिडकीत पैसे सारले आणि मूलचं एक तिकीट मागितलं.