सहा वाजताची आंघोळ

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या सकाळी दोनच निरोप होते. पहिला, गुरुवारी पाणी उशिरा येईल. दुसरा, सरोजताई गेल्या. मी दोन्ही एका दमात वाचले आणि मनात आलं, पाण्याचं ताईंना आधी कळवायला हवं… मग दुसरा निरोप पुन्हा वाचला. याला आता महिना होऊन गेला.

कात्रजच्या अलीकडे, चार इमारती आणि मध्ये मैदान अशी आमची सोसायटी. त्या मैदानावरचं मुलींचं खो-खो मंडळ ताईंनी उभं केलं. त्या शाळेत खेळाच्या बाई आणि मंडळाच्या चिटणीस. रोज संध्याकाळी स्वतः चुन्याच्या फक्कीने मैदानावर रेषा मारायच्या, आणि प्रत्येक रेषा पट्टी ठेवून मारल्यासारखी सरळ असायची. त्यांचं दार माझ्या दारासमोर, त्यामुळे त्यांची थोरवी मला वर्षानुवर्षं फुकट पाहायला मिळाली. टोमणेही फुकटच.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. शहरात कॉम्प्युटरच्या कंपन्या येत होत्या आणि काहीही मोठं करायला हरकत नाही असं वारं सुटलं होतं. मुलींच्या राज्य खो-खो स्पर्धेसाठी यजमान हवा होता, आणि आम्ही अर्ज केला तर स्पर्धा मिळण्याची दाट शक्यता होती. मंडळाचे अध्यक्ष गोगटेकाका, बँकेतून निवृत्त झालेले, तीन दिवस हवेतच चालत होते. तिसऱ्या मजल्यावरचा निखिल नुकताच एका कंपनीत लागला होता. त्याने योजनेचे रंगीत कागद छापून आणले. त्या काळी रंगीत छापलेल्या कागदावर अविश्वास दाखवणं अवघड असे. प्रेक्षकांची गॅलरी, प्रकाशझोत, कमान, सगळं त्यात होतं. दिव्यांचा खर्च त्याची कंपनी उचलणार होती. ताईंनी कागद उलटसुलट पाहिले.

"यात पाणी कुठे आहे?"

"आहे ना मॅडम, प्यायच्या पाण्याचे जार."

"मुली जारमध्ये बसून आंघोळ करणार का?"

बाहेरगावच्या संघांना घरोघरी उतरवायचं, ही आमच्याकडची रीत. तेव्हा प्रश्न रास्त होता, पण सभेत कोणाला तो आवडला नाही. ताई म्हणाल्या, अर्ज करण्याआधी मागच्या वर्षीचं यजमान गाव पाहून येऊ. सोबत मला घेतलं, कारण मी बडबड्या आणि त्यांना समोरच्याला बोलतं ठेवणारा कोणीतरी हवा होता. मला वाटलं, तिथल्या आयोजकांना भेटू, चहा होईल, हारतुरे होतील. ताईंनी आयोजकांचं घर लांबूनच पाहिलं आणि मैदानासमोरच्या एका घराची कडी वाजवली.

"अहो, यजमान तिकडे राहतात," मी म्हणालो.

"मुलगी कशी आहे हे मुलीच्या बापाला विचारतात का? शेजाऱ्यांना विचारायचं."

त्या घरातल्या बाईंनी आम्हाला पाट दिला आणि सगळं सांगितलं. स्पर्धा थाटात झाली, कमान तर अशी की बघत राहावं. पण पहाटे मुली दारोदार बादली मागत फिरत होत्या. काही तर न न्हाता-धुताच मैदानात उतरल्या. आयोजकांना याची कल्पनाही नसावी, ते बिचारे कमानीखाली पाहुण्यांचं स्वागत करत होते.

परतीच्या एसटीत ताईंनी खिडकीची जागा घेतली. मग म्हणाल्या, "मी खेळायचे तेव्हा एका गावी आम्हाला गोठ्यामागे आडोसा दिला होता. दार नव्हतं. दोघींनी लुगडं धरायचं, तिसरीने आंघोळ करायची. अंतिम सामना आम्ही जिंकलो, पण आठवतं काय, तर ते लुगडं…" एवढंच.

परत आल्यावर त्यांनी परीक्षा जाहीर केली. एका रविवारी प्रत्येक घराने पाहुणे मुक्कामाला बोलवायचे आणि सकाळी ठीक सहाला सगळ्यांनी एकदम आंघोळ करायची. पुण्यात पाहुण्यांना आपणहून मुक्कामाला बोलावण्याची ही इतिहासातली पहिलीच वेळ असावी. माझ्या मेव्हण्याने तर फोनवर दोनदा विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना. शनिवारी कराडहून, नगरहून पिशव्या घेऊन माणसं उतरली. रविवारी सहाला ताईंनी जिन्यात उभं राहून शिट्टी फुंकली आणि चारही इमारतींतून एकदम बादल्यांचा जो खणखणाट उठला, तसा मी पुन्हा ऐकला नाही. गच्चीवरची टाकी गुरगुरली. नळांनी एक उसासा टाकला. आणि पाणी गेलं. साडेसहासुद्धा वाजले नव्हते.

जिन्यात आधी आमचे मेव्हणे आले, मग पंचा नेसून, सर्वांगाला साबण लावलेले गोगटेकाका. मंडळाचे अध्यक्ष आणि सोसायटीचे चेअरमन, दोन्ही पदं त्या एका पंच्यात.

"सरोजताई, पाणी गेलं."

"कळलं," ताई म्हणाल्या. "कानामागे साबण राहिलाय."

त्या संध्याकाळी सभा झाली. दुसरं एक गाव यजमानपदाला तयारच होतं. आम्ही यंदा नाही म्हटलं तर पुन्हा कधी संधी येईल याची खात्री नव्हती. गोगटेकाका म्हणाले, टँकर मागवू. निखिल म्हणाला, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. ताई उठून उभ्या राहिल्या. ही स्पर्धा आपल्या मैदानावर व्हावी असं आमच्यापैकी कोणापेक्षाही त्यांना जास्त वाटत होतं, सगळं आयुष्य वाटत आलं होतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "ज्यांना आपण बोलावतो त्यांना बादली मागावी लागणार असेल, तर आपण बोलावू नये." अर्ज गेला नाही. सभेनंतर त्या नेहमीसारख्या मैदानावर गेल्या आणि सरावासाठी रेषा मारल्या. मी गॅलरीतून पाहत होतो. त्या दिवशी मधली रेषा वाकडी आली. तेवढी एकदाच.

मग ताई निखिलच्या साहेबांना भेटायला गेल्या. दिव्यांऐवजी टाकी द्या म्हणाल्या. साहेबांनी हसून विचारलं, टाकीवर आमच्या कंपनीचं नाव लिहाल, पण ते वाचणार कोण, कावळे? ताई म्हणाल्या, "आंघोळ करून वेळेवर मैदानात उतरलेली प्रत्येक मुलगी." साहेब काय समजले कोणास ठाऊक, पण जमिनीखाली टाकी झाली, पंप आला. ताईंनी घरोघरी जाऊन मोऱ्यांची दारं तपासली. माझ्या मोरीची आतली कडी सैल निघाली तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात देऊन, ती घट्ट होईपर्यंत त्या उभ्या राहिल्या. पुन्हा परीक्षा झाली, पुन्हा कराडकर आले. या वेळी पाणी पुरलं, आणि मग पुढच्या वर्षीच्या स्पर्धेसाठी अर्ज गेला.

ती स्पर्धा झाली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. कमान लहान होती. दिवे नव्हते म्हणून सामने उन्हं उतरायच्या आत संपवले. आमच्या मुली उपांत्य फेरीत हरल्या, त्याचं वाईट वाटलं. पण मला खरी आठवण आहे ती कोपऱ्यावरच्या पीसीओची. ताई आणि मी फोनसाठी रांगेत होतो. पुढे एका लांबच्या संघातली मुलगी आईशी बोलत होती. किती गडी बाद केले, जेवायला काय होतं, यातलं काही नाही. ती म्हणत होती, "आई, हितं मोरीला आतनं कडी हाय." ताईंनी फोन केलाच नाही. रांगेतून बाहेर पडून सरळ मैदानाकडे निघाल्या, मान ताठ, जणू सुवर्णपदक गळ्यात आहे आणि ते हलता कामा नये.

गेल्या आठवड्यात मंडळाची बैठक झाली. आता अध्यक्ष निखिल आहे, डोक्यावरचे केस गेलेत, लॅपटॉप आलाय. राष्ट्रीय स्पर्धा मागावी का, असा विषय होता. पडद्यावर आकडे, नकाशे, रंग. नव्या मुलांनी विचारलं, मग अर्ज कधी करायचा? निखिलने लॅपटॉप मिटला. "रविवारी. सकाळी सहाला आंघोळ. मग बोलू." नवी मुलं एकमेकांकडे पाहू लागली. आम्ही जुने उठून मेव्हण्यांना फोन लावायला गेलो.

रविवारी शिट्टी निखिलने फुंकली. मी साबण लावून, डोळे मिटून, पाणी जायची वाट पाहत उभा होतो. भिंतीतले सगळे पाइप गुणगुणत होते. पाणी गेलं नाही. अंग पुसून दार उघडलं, तर समोर ताईंचं बंद दार आणि जिन्यात कठड्याला धरून, पंचा नेसून गोगटेकाका. वय ऐंशीच्या पुढे.

"पुरलं रे," ते म्हणाले.

"पुरलं, काका. कानामागे साबण राहिलाय."

"माहितीये," काका त्या दाराकडे पाहत म्हणाले. "मुद्दाम ठेवलाय."