काळ्या दगडाखालचं हाड

लिहिण्याचा मला अधिकार आहे असं वाटत नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील बाभुळगावला कापसाच्या जिनात हमाली करत. पोलीस खात्यात जन्मभर मी लिहिले ते पंचनामे आणि जबाब, आणि त्यांत स्वतःच्या मनातलं काही लिहायचं नसतं. तेव्हा इथे काही कमीजास्त झालं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण मारेगावकडची ती विहीर इतकी वर्षं डोळ्यांसमोरून हलत नाही. नावं कोणाचीच देत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. मी नवा ठाणेदार होतो. एका सकाळी हजेरी चालू असताना जवळच्या गावचे पोलीस पाटील आले आणि चहा नको म्हणाले. पाटील चहा नको म्हणाले की खबर मोठी असते, एवढं मला तोवर कळलं होतं.

"साहेब, तांड्यावर विहीर खंदून राह्यले. त्याच्यातून हाडं निंघाले. अन् मालकानं ते गुपचूप पुरून टाकले."

"तुम्हाले कोणं सांगतलं?"

"सुरुंग लावणाऱ्यानं. त्यानं आपल्या डोळ्यानं पाह्यलं."

मालक म्हणजे बंजारा समाजातला एक तरुण शेतकरी. त्याचा मोठा भाऊ काही वर्षांपूर्वी बैलजोडी घेऊन बाजाराला गेला आणि परत आलाच नाही. जाण्याआधी शेताच्या वाटणीवरून दोघा भावांची बोलाचाली झाली होती. ही विहीर तेव्हा काळ्या दगडापर्यंत खणून अर्धवट पडली होती. वर्षानुवर्षं त्या खड्ड्यात माती आणि काटेकुटे साठले. आता धाकट्याने काम पुन्हा सुरू केलं होतं, आणि हाडं निघाली ती सुरुंगाच्या ढिगाऱ्यात, म्हणजे वरच्या मातीतली की खालची, ते कोणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे तांड्याने सरळ हिशेब मांडला की धाकट्याने थोरल्याला मारून खड्ड्यात टाकलं असणार.

"साहेब, हे तर ताट वाढूनच आलं," आमचे जमादार म्हणाले.

पंचांना घेऊन आम्ही शेतावर गेलो. धाकट्याने स्वतःच जागा दाखवली. उकरल्यावर कोऱ्या कापडात बांधलेले हाडांचे तुकडे निघाले. शेजारी नारळ होता, आणि कापडाला तुपाचा वास येत होता. गुन्हा लपवणारा माणूस घाईत असतो, आणि हा माणूस घाईत नव्हता.

तांड्यावर थोरल्याची बायको झोपडीबाहेर बसली होती. त्यांच्यात लग्न झालेल्या बाईच्या दंडापर्यंत चुडा असतो, आणि नवरा गेला की तो उतरवतात. दोन म्हाताऱ्या तिच्याजवळ येऊन बसल्या होत्या. तांड्याचा नायक, म्हणजे तिथला मुखिया, मला म्हणाला, "हाडं सापडले म्हंजे माणूस गेला साहेब. आता हिनं चुडा उतरवला पाह्यजे."

"साहेबाले बोलू द्या अगुदर," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हे हाडं त्याचे हायेत का, एवढं सांगा. तुम्ही हो म्हणसान तं मी उतरवीन. हे म्हणतात म्हणून नाही."

"थोडं थांबा बाई," मी म्हणालो.

धाकट्याला ठाण्यात आणलं.

"हाडं तू पुरले?"

"हो."

"काहून?"

जमादार म्हणाले, "पुराले हात होते, आता बोलाले तोंड नाही काय?" मी जमादारांना बाहेर चहा सांगायला पाठवलं. धमकीने माणूस जबाब देतो, पण तो आपल्याला हवा तसा देतो. नारळ-तुपाची रीत घरातून आलेली असणार, म्हणून मी त्याला त्याच्या आजोबांबद्दल विचारलं. त्यावर तो बोलू लागला.

"माहा आजा बैलावर मीठ लादून मुलूखभर फिरे. वाटंत माणूस मेला तं तिथंच माती देत. आमच्या घरची रीत हाय साहेब, वाटंवरचं हाड उघडं पडलं तं झाकाचं, अन् कोनाजवळ बोलाचं नाही."

"मंग तुले वाटलं, हे असंच कोण्या जुन्या वाटसरूचं हाय?"

तो म्हणाला, "अगुदर तसंच वाटलं. मंग वाटलं, भाऊ बी असंल. रागात गेलता. माघारी येऊन अंधारात खड्ड्यात पडला असंल. पण वहिनीले कसं सांगू? तिनं चुडा उतरवलेला मले पाहवला नसता."

तो रडू लागला. मी मुद्देमालातला एक तुकडा हातात घेतला. हाडाच्या मानाने तो फार जड होता. टेबलावरच्या दौतीला टेकवला, तर दगडावर दगड आपटावा तसा आवाज झाला.

कॉलेजात भूगर्भशास्त्र हा माझा एक विषय होता. आमचे सर फळ्यावर थर काढत, जुना थर खाली आणि नवा वर. जिवाचं हाड गाळात दबून लाखो वर्षांत दगड कसं होतं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. असं जीवाश्म डोळ्यांनी मात्र कधी पाहिलं नव्हतं. घरात विचारायला कोणी नसलेल्या मुलासारखं मी ते सगळं नुसतं पाठ केलं होतं. तेवढ्या विद्येवर एका बाईचा चुडा आणि एका माणसाची मान ठरवायची, याची मला भीती वाटली. म्हणून दुसऱ्या दिवशी मी स्वतः विहिरीत उतरलो.

वर काळी माती, खाली मुरूम. त्याखाली सलग काळा दगड, पुरुषभर जाडीचा. चारी बाजूंना कुठे भेग नव्हती, होत्या त्या फक्त सुरुंगाच्या ताज्या खुणा. दगडाच्या खाली मऊ हिरवट गाळाचा थर लागला होता. त्या थरात, अगदी दगडाच्या पोटाखाली, एका हाडाचं तुटलेलं टोक रुतून बसलं होतं. मी सोबत नेलेला तुकडा त्याला लावून पाहिला. तो नेमका बसला.

"साहेब, काय दिसते?" जमादारांनी वरून विचारलं.

"जमादार, हा दगड उचलून त्याच्याखाली कोणी मुर्दा ठेवू शकते का?"

"मारुतीले विचारा लागन साहेब."

जागेचा पंचनामा केला. यवतमाळच्या डॉक्टरांनी लेखी दिलं की हे माणसाचं हाड नव्हे. तरी माझं समाधान होईना. वरच्या साहेबांची परवानगी काढून मी नागपूरला माझ्या जुन्या सरांकडे गेलो. त्यांनी तो तुकडा तळहातावर घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. म्हणाले, "आपला काळा दगड एके काळी आगीचा रस होता. तो इथल्या जमिनीवरून वाहिला, त्याच्याही आधीचं हे जनावर. अजस्र सरड्यांच्या कुळातलं. पृथ्वीवरून ते सगळं कूळच नाहीसं झालं."

मी त्यांना कोऱ्या कापडाचं, तुपाचं आणि नारळाचं सांगितलं. सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "याच्यामागे रडायला कोणीच उरलं नव्हतं. बरं केलं त्या माणसाने."

धाकटा सुटला. मी तांड्यावर गेलो आणि सगळ्यांसमोर त्या बाईला सांगितलं, "बाई, हे हाड त्याचं नाही. माणसाची जात पैदा व्हाच्या अगुदरचं जनावर हाय."

तिने पदर दंडावर ओढून घेतला. "मंग तो कोठी हाय?"

"ते मले माहीत नाही."

"चालते साहेब," ती म्हणाली. "माहीत नाही, हे चालते."

म्हाताऱ्या उठून आपापल्या घरी गेल्या.

नोकरीत मी पुष्कळ गुन्हे उघडकीला आणले, पण शिकलो या प्रकरणात, ज्यात गुन्हाच नव्हता. जेवढं कळलं तेवढंच ठामपणे सांगावं. जे कळलं नाही, ते दुसऱ्याच्या आशेसाठी मोकळं ठेवावं. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जनावराचं मी सांगू शकलो, चार वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं नाही. बेपत्ता माणसाचा तपास माझ्या बदलीनंतरही तसाच उघडा राहिला.

निवृत्त झाल्यावर एकदा यवतमाळच्या बसस्टँडवर एका पिकल्या केसांच्या माणसाने माझे पाय धरले. तो धाकटा होता. म्हणाला, "साहेब, तुमचा पत्ता लागला नाही, म्हणून कळवलं नाही. भाऊ आला."

बाजारात थोरल्याची बैलजोडी चोरीला गेली होती. त्या लाजेपायी तो तेलंगणात जाऊन राहिला होता, आणि म्हातारपणी पायी घरी आला.

"वहिनी काय म्हणाली?" मी विचारलं.

"चुलीपाशी बसली होती. त्याच्याकडं पाह्यलं, अन् म्हणे, हात धुवून ये, भाकर गरम हाय."