नातवाचं तोंड पाहाचा फोन

आमच्या शेजारचा सोमाजी ढिवर उभ्या जन्मात तलावाच्या पान्याले भेला नाही, पन एका फोनपुढं त्यानं हात टेकले. मी रुखमा, भिंतीपलीकडंच राह्यतो, म्हणून सारं मले माहीत.

त्याची लेक अंजू नवऱ्यासंगं हैदराबादले कामाले गेली अन तिथंच बाळंत झाली. पहिलं बाळंतपन माहेरी कराचं असते, तेही नशिबी नाही. तिनं सांगतलं, "बाबा, आइतवारी बारसं हाय. मोठा फोन घ्या, पाळन्यातला नातू दाखवतो." मंग काय बाप्पा! सोमाजीनं एक चांगलं जाळं विकलं अन लाखनीच्या दुकानातून जुना फोन आनला. मासोळीचे कल्ले उघडून ताजी हाय का पाहाची सवय, त यानं फोनचंही मागचं झाकन काढून पाह्यलं म्हणे. "आतून साफ हाय," मले सांगते. मी म्हटलं, तुले काय समजते गा त्याच्यातलं?

शनिवारी मी अन त्याची बायको जमुनाबाई फोनातले जुने फोटो पाहून राहिलो होतो. एक मानूस बैलाजवळ हासत उभा. बायकोसंगं जत्रेत उभा. अन शेवटच्या फोटोत त्याच्याच तसबिरीले हार!

जमुनाबाईनं फोन खाटेवर टाकून देला. आमच्यात मेलेल्या मानसाचे कपडे, अंथरून घरात ठेवत नाही, पान्यात सोडतेत. "अन याच्यात मी नातवाचं पहिलं तोंड पाहू? नाही जमनार मले!" कोनतीही आजी हेच म्हनली असती. पन फोन काही पान्यात सोडता येत नाही. म्हणून सोमाजीनं रिचार्जवाल्या भूपेशले सांगतलं, "त्याचं जे काही असन ते सारं पुसून टाक."

भूपेशनं पुसलं. फोन बंद होऊन चालू झाला, अन पहिलं काय मागतलं? जुन्या मालकाच्या गूगल खात्याचा पासवर्ड!

"ज्याचा फोन होता त्याले विचारा लागन, काका."

"तो त मेला ना बे!"

आइतवारी सकाळीच सोमाजी लाखनीले धावला. दुकानदार म्हणे, "चालू फोन देला होता, तुमी काहून पुसला? अन मी कोनाकडून घेतला, ते काही ध्यानात नाही." जीभ झडो मेल्याची! सोमाजी हात जोडून उभा राह्यला, मंग वापस आला.

दुपारी जुन्या बटनाच्या फोनवर अंजूचा फोन आला. मांगं बाया पाळना म्हनून राहिल्या होत्या. "बाबा, व्हिडिओ काहून लागून नाही राहिला?" जमुनाबाईनं सोमाजीच्या हातातून फोन घेतला, कानाले गच्च लावला अन आमाले सगळ्याले चूप बसवलं.

"त्याचा आवाज तरी आयकव वं."

"तो झोपला न, आई."

जमुनाबाई तशीच कान लावून बसली. मंग हळूच म्हनते, "अंजू, त्याले एक चिमटा काढ न माय. थोडासाच रडव."