दोरा तुटू नये म्हणून

आमच्या दुकानात मशीन चालतं त्याहून जास्त तोंडं चालतात. संध्याकाळी झाडू मारला की जेवढं कातरण निघतं, तेवढेच किस्से निघतात! गेवराईत कौसाआत्याचं शिवणकामाचं दुकान आहे. शेजारच्या मशीनवर शकिलाखाला बसतात. बीएस्सी झाल्यापासून मीही तिथेच असते, आणि माझं रोजचं भांडण एकच: आत्याच्या मशीनचा दोरा सारखा तुटतो!

*

आत्याला कारण विचारलं.

"वाळूचा टिप्पर गेला न्हाई का आत्ता? मशीन हादरलं."

"आत्या, तो टिप्पर पार बीडला पोचला असेल. दोरा अजून तुटतोय!"

"मग दुसरा येत असंल."

*

उन्हाळ्यात ती सुती दोऱ्याची रिळं माठाशेजारी ठेवते. मी खूप हसले आणि ती उचलून फळीवर ठेवली. मग मोबाईलवर शोधलं, तर कोरड्या हवेत दोरा कडक होऊन तुटतो, जरा ओल हवीच!

"मोबाईलला आज कळलं व्हय?" शकिलाखाला म्हणाल्या. "तुझ्या आत्याला तीस साल झाले."

रिळं मी परत माठाशेजारी नेऊन ठेवली.

*

एकदा तर सुईच उलटी बसवलेली! चपटी बाजू भलतीकडे. मी ओरडलेच, "इतकी वर्षं शिवतेस आणि सुई उलटी?"

"सुयाच आजकाल उलट्या येत्यात," आत्या म्हणाली.

*

शेवटी मी कार्डशीटवर सहा नियम लिहून भिंतीवर लावले. सुई वेळेवर बदला, ताण जास्त ठेवू नका, बॉबिनखालचा कचरा झाडा, वगैरे. पाचव्यात चूक दिसली म्हणून रात्रीपुरता तक्ता घरी नेला आणि सकाळी विसरून आले.

आत्या रिकाम्या भिंतीकडे बघून म्हणाली, "वाचलं गं सगळं. लई छान लिवलंय."

त्या दिवशी मी ओरडले नाही.

*

दुपारी शकिलाखालांना गाठून विचारलं, "आत्याला नीट दिसत नाही ना?"

"मालूम हाय मला," त्या म्हणाल्या. "रोज तू यायच्या आधी मीच तिची सुई ओवून ठेवते. मधी तुटला की ती अंदाजानं ओवती. दोऱ्याच्या वाटंतली एखादी कडी सुटती, की पुन्हा तुटतो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"कसम घातली तिनं. तुला कळलं की तू मशीन बंद करशील, म्हणती."

मी आत्यापुढं जाऊन बसले. "मोतीबिंदू असेल. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात चल, दाखवून येऊ."

"आन् न्हाई दिसलं तर?"

"तर मी ओवून देईन. रोज."

"वरडत?"

"ओरडत!"

ती आली.

*

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच दिवशी आत्या दुकानात हजर. मशीनकडे गेलीच नाही. आधी भिंतीवर परत लावलेल्या तक्त्यापुढे उभी राहिली. एकेका अक्षराखाली बोट सरकवत सहाही नियम वाचले. मग कापडावर खुणा करायचा निळा खडू उचलला आणि आपल्या चौथी पास तिरक्या अक्षरात सहाव्याखाली लिहिलं:

"७. दोरा तुटला तर वरडू नये."