माझे ठोके ल्योंला दिसतात

फ्रान्समध्ये संप झाला की इंदिरानगरात सगळ्यात आधी मला कळतं. माझा जावई तिकडं रेल्वेचा ड्रायव्हर आहे आणि युनियनवाला आहे. गोरा माणूस, उंच, मानेत जरासा वाकलेला. मुलगी शिकायला गेली आणि ल्यों नावाच्या शहरात त्याच्याशी लग्न करून राहिली. मी सातवी नापास, सातपूरच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर जन्म गेला. पण तिकडचं राजकारण मला आमच्या नांदगावाकडच्या भाऊबंदकीइतकं समजतं. पंतप्रधान बसला की अविश्वास ठराव, तो गेला की दुसरा. आमच्या ग्रामपंचायतीत सरपंचाचं हेच चालायचं. फरक एवढाच, आमच्याकडं ठरावाआधी सदस्यांना गाडीत घालून देवदर्शनाला नेतात, तिकडं नेत नाहीत म्हणे.

हे सगळं ऐकायला आधी बायको असायची. जावयाशी तीच जास्त बोलायची. ती मराठीत बोलायची, त्याचा फोन त्याला फ्रेंचमध्ये सांगायचा, आणि तो बोलला की फोन मराठीत बोलायचा, पण सरकारी नोटिशीसारखं. "आदरणीय सासूबाई, मी आपल्या प्रकृतीची चौकशी करू इच्छितो." ही तोंडाला पदर लावून हसायची. म्हणायची, "प्रकृती राहू दे, जेवलास का ते सांग." शेवटी तो फोनशिवाय "जेवलो आई" एवढं बोलायला शिकला. तेवढ्यावर त्यांचं भागायचं.

मग तिकडच्या सरकारनं पेन्शनचं वय दोन वर्षांनी वाढवलं आणि लोक रस्त्यावर आले. कधी रेल्वे बंद, कधी विमानं बंद. पॅरिसात कचऱ्याचे ढीग लागले. जावई ढोल घेऊन मोर्चात चाललाय असा व्हिडिओ मुलीनं पाठवला होता. हिनं तो शेजारणीला दाखवला. मला म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. तुमचे गुडघे अठ्ठावन्नाव्या वर्षीच गेले होते की."

त्याच आठवड्यात एका सकाळी तिनं चहा ठेवला आणि ओट्याजवळ खाली बसली. मला वाटलं काही सांडलं असेल. चहा उतू गेला, तरी ती उठली नाही.

मुलगी लगेच निघाली. पॅरिसला जायला रेल्वे नाही. दुसऱ्या दिवशी कशीबशी पोचली, तर विमान नाही. विमानतळावरून तिचा फोन आला, रडत होती. मी म्हणालो, "तुझा नवरा तिकडं ढोल बडवतोय, आणि इकडं तुझ्या आईला शेवटचं पाणी पाजायला पोरगी नाही. सांग त्याला, जिंकला म्हणावं." आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. थोरला भाऊ नांदगावाहून आला होता. अस्थी गंगेवर नेल्या. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. रामकुंडात सोडायच्या वेळी मी मूठभर मागं ठेवल्या, तांब्याच्या तांब्यात घालून पांढरं फडकं बांधलं.

भाऊ म्हणाला, "हे कशाला?"

"पोरीसाठी. ती आली की सोडंल."

"अस्थी घरात नेत नसतात. झाडाला टांग."

"फ्लॅटमध्ये झाड कुठून आणू?"

"मग गॅलरीत टांग, उंबऱ्याच्या बाहेर. पण लवकर उरक. मूठभरसुद्धा मागं राह्यलं तर माणूस अडकून राहतं. तू तिला जितेपणी लय अडकवलं, आता तरी सोड."

गॅलरीच्या ग्रिलला, अगदी वरच्या गजाला, मी तो तांब्या बांधला.

मुलगी सहाव्या दिवशी आली. दारातच माझ्या गळ्यात पडली. मी हात खालीच ठेवले. संध्याकाळी ती गॅलरीत तुळशीपाशी उभी होती. वर बघून म्हणाली, "बाबा, हे काय टांगलंय?"

खरं सांगायचं माझ्या ओठावर होतं. तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. जावयाचा होता. तो पोचलीस का विचारत असणार. मला तो ढोल आठवला.

मी म्हणालो, "बियाणं आहे. तुझ्या आईनं ठेवलेलं, दोडक्याचं."

तिनं टाचा उंचावून तांब्याला बोटं लावली. "आईला दोडका फार आवडायचा," म्हणाली, आणि आत गेली.

मी आयुष्यात पुष्कळांना तोंडावर वाईट बोललोय. त्याचं मला काही वाटत नाही. हे मात्र मी खोटं बोललो, तेही पोरीशी, आणि तिच्या आईच्या अस्थींसमोर. दहावं-तेरावं होऊन ती परत गेली तरी मी तोंड उघडलं नाही. नंतर फोनवर सांगू म्हटलं, तर ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. असं करत दोन वर्षं गेली. आमचं बोलणं म्हणजे "बरे आहात ना?" "बरा आहे." संपलं.

मग जावयानं एक घड्याळ पाठवलं. मनगटात घातलं की छातीचे ठोके मोजतं, आणि ते ठोके ल्योंमध्ये मुलीच्या फोनवर दिसतात. घड्याळाबरोबर एक कागद होता, फ्रेंचमध्ये छापलेला, खाली मराठीत लिहिलेला. माझे ठोके मुलीनं बघितलेले मला चालतील का, असं विचारलं होतं. तिकडं कुणाच्या कशात डोकावायचं तर आधी त्याला विचारावं लागतं, तसा कायदाच आहे. आमच्या सोसायटीत दाराला कडी असली तरी खिडकीतून विचारतात, भाजी काय केली. मी सही केली. मराठी अक्षर जावयाचं होतं, पहिलीतल्या पोरासारखं वाकडं. त्यानं ते बघून बघून काढलं होतं. ते बघून मला जरा कसंतरी झालं, पण मी कुणाला बोललो नाही.

या दिवाळीनंतर मुलीचा फोन आला, व्हिडिओवाला. मागं जावई बसलेला.

"बाबा, रोज पाच वाजता तुम्ही काय करता?"

"काय करणार? चहा पितो."

"खोटं बोलू नका. तेव्हा इकडं दुपार, माझी जेवणाची सुट्टी असते. दिवसभर तुमचे ठोके सरळ चालतात, आणि बरोबर पाचला वर चढतात. रोज. मी डॉक्टरांना विचारलं, त्यांनाही कळेना. काही लपवताय का?"

पाच वाजता मी तुळशीला पाणी घालायचो. मग स्टुलावर चढून तांब्यावरची धूळ पुसायचो, फडक्याची गाठ सैल झाली नाही ना बघायचो, आणि हिच्याशी दोन शब्द बोलून उतरायचो.

मी घड्याळावर बाही ओढली. तेव्हा जावई पुढं सरकून बोलायला लागला, आणि फोन त्याच्या नोटिशीच्या मराठीत सांगायला लागला. "आदरणीय सासरे, दोन वर्षांपासून मला बोलायचे आहे. त्या दिवशी मी संपावर होतो. मी गाडी चालवली असती तर माझी पत्नी आदल्या दिवशीच विमानतळावर पोचली असती. माझा संप योग्य होता असे मी आजही मानतो. तरीही मला झोप लागत नाही. माझी पत्नी सांगते की आपणही संप केला होता. तेव्हा आपण काय केले?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. आमचा संप चार महिने चालला होता. मी कारखान्याच्या गेटवर मांडवात बसून होतो, तेव्हा ही बाळंत झाली. निरोप आला, पण त्याच दिवशी मालकाची माणसं मांडव उठवायला येणार होती, मी जागा सोडली नाही. ही शेजारणीबरोबर रिक्षानं दवाखान्यात गेली, आणि सव्वा महिना झाल्यावर पोरीला घेऊन स्वतःच गेटवर आली. सगळ्यांसमोर म्हणाली, "घ्या, बाप बघून ठेव म्हटलं हिला. नाहीतर मोठी झाली की वॉचमन समजायची." सगळा मांडव हसला. मग माझ्यापुढं भाकरीचं फडकं ठेवलं. चाळीस वर्षांत तिनं ती गोष्ट एकदाही उगाळली नाही.

हे बोलून झालं आणि माझं मलाच ऐकू आलं. तिनं मला एका थट्टेवर सोडून दिलं होतं. आणि मी?

जावयाकडं फोन माझं बोलणं पोचवत होता. तो हसला, मग त्यानं डोळे पुसले.

मी म्हणालो, "पोरी, ते दोडक्याचं बियाणं नाही."

आधी तिला कळलं नाही. मग तिचा चेहरा बदलला. जावयाच्या फोनला हे वाक्य कसं सांगावं कळलं नसावं, तो कधी तिच्याकडं, कधी माझ्याकडं बघत होता.

"दोन वर्षं, बाबा?" ती एवढंच म्हणाली. "मी हात लावला होता त्याला." आणि फोन बंद झाला.

आठ दिवस फोन नाही. ती माझे ठोके बघत होती का नाही, कुणास ठाऊक. मी घड्याळ अंघोळीलासुद्धा काढलं नाही. नवव्या दिवशी दोघांच्या तिकिटांचा फोटो आला.

मी लिहिलं, "संप नाही ना?"

तिनं लिहिलं, "आहे. म्हणून आदल्या दिवशीचं काढलंय."

आम्ही तिघं गंगेवर गेलो. रिक्षात मुलीनं तांब्या मांडीवर घेतला होता. जावयानं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि न सांगता माझा हात धरून पायऱ्या उतरला. पाणी गार होतं. मुलीनं फडकं सोडलं, आत बघितलं, बराच वेळ बघितलं. मग हलक्या हातानं पाण्यात सोडलं. जावई पाण्याकडं बघून म्हणाला, "जेवलो आई." त्याच्याकडं मराठीत तेवढंच होतं. तेव्हा मी रडलो. हिच्या सरणापुढंही रडलो नव्हतो.

घरी येताना मुलगी म्हणाली, "मी अजून रागावलेलीच आहे हं, बाबा." आणि माझ्या घड्याळाचा पट्टा सैल झाला होता, तो तिनं नीट आवळला.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी साडेपाचला फोन आला. जेवणाच्या सुट्टीतच केला होता, तोंडात घास होता.

"बाबा, पाच वाजता ठोके चढलेच नाहीत. कालही नाही. बरे आहात ना?"

"बरा आहे," मी म्हणालो. "स्टूल शेजारणीला देऊन टाकलं."