रिकामा राहिलेला हात

"आतलं बाहेर काढ!" म्हणत सर लाकडी पट्टी टेबलावर आपटत, की आमचे कीबोर्ड उडत. विकास नगरात किराणा दुकानावरच्या दोन खोल्यांत ते डेटाबेस शिकवायचे. हवाई दलातून निवृत्त. शहर उत्तरेतलं, मराठी आम्ही दोघंच; बाकीच्यांना हिंदीत मारत, मला मराठीत. असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. मारणं बरोबर होतं, असं मी म्हणणार नाही.

माझी खोड एकच. एका क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाच्या, पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी लिहायची. सर कॉलर धरून मला उठवत. डावीकडे पाच मुलं उभी करत, म्हणजे पटावरची नावं. उजवीकडे चार, म्हणजे आजची हजेरी.

"एकेकासाठी आत जाऊन काय विचारतोस, गाढवा? दोन्ही याद्या समोरासमोर उभ्या कर. जोड!" मनगटं धरून ते आमचे हात एकमेकांवर आदळत. डावीकडे एक जण उरे. "ज्याचा हात रिकामा, तो गैरहजर. समझे?"

शहराच्या चिनहट भागातल्या एका कंपनीची भरती परीक्षा दोन दिवसांवर आली होती. बाबा मेसमध्ये स्वयंपाकी. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ही नोकरी हवीच होती. आणि मी पुन्हा पोटात पोट लिहिलं. पट्टी बोटांवर बसली. कातडी फुटली.

घरी दादाने विचारलं, "किसने मारा?" मी सांगितलं. एवढंच केलं मी.

दुसऱ्या दिवशी दादा जिना चढून आला आणि त्याने सरांच्या तोंडावर बुक्का मारला. चष्मा फुटला. दुसरा बुक्का नाकावर. रक्त कीबोर्डवर सांडलं. सरांनी हात उचलला नाही. मी खुर्चीतून उठलो नाही.

"झालं?" ते दादाला म्हणाले. "आता बाजूला हो. उद्या परीक्षा आहे त्याची." बाहीने कीबोर्ड पुसून माझ्याकडे सरकवला. "लिही."

मी लिहिलं. दोन याद्या, एक जोड, पोटात काही नाही. डोळे बारीक करून त्यांनी वाचलं. "आता बरोबर." आणि हात पुढे केला.

दादा बघत होता. मी माझा चिंधी बांधलेला हात खिशात घातला.

नोकरी लागली. पेढे घेऊन गेलो, तर खोल्यांना कुलूप. "मास्टर साहब तो सामान लेकर चले गए, भैया," दुकानदार म्हणाला. कुठे, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

आता कंपनीत नव्या मुलांना मी शिकवतो. पट्टी नाही, फक्त समोरासमोर उभं करतो. हात जुळतात. डावीकडचा एक जण हात पुढे करून तसाच राहतो. मला राहवत नाही. मी जाऊन त्याचा हात धरतो.

मुलं ओरडतात, "सर, अब तो कोई बचा ही नहीं! जवाब गलत हो गया!"