डाव्या बाजूचा आवाज

मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणी कान फुटला, आईनं लसणाचं तेल घातलं, आणि वाहायचा थांबला तेव्हा आतलं ऐकणंही थांबलेलं होतं. हे मी ह्या दिवाळीपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, पोरीला नाही, दवाखान्यात तर नाहीच. आईला ठाऊक होतं, पण ते मी सांगितलेलं नव्हतं. उलट तिनंच मला बजावलं होतं की कुठं बोलू नकोस, सोयरीक जमायची नाही.

वाचणाऱ्याला वाटेल, एका कानाचं एवढं काय. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं, कारण लपवायला ती फार सोपी गोष्ट आहे. मुलगी बघायला गेलो तेव्हा आईनं मला बैठकीत असं कोपऱ्यात बसवलं की डावीकडं नुसती भिंत. सगळी माणसं उजव्या हाताला. होणाऱ्या सासऱ्यांनी शेती, दुकान, पाहुणे, सगळं विचारलं. मी एकाही प्रश्नाला अडखळलो नाही. पुढं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, बी-बियाणांचं दुकान टाकलं तेव्हा गल्ला असा मांडला की गिऱ्हाईक उजवीकडूनच येणार. पंगतीत टोकाची जागा धरायची. चारचौघांत बसायचं तर भिंत बघून बसायचं. लोक म्हणायचे, माणूस लय शांत हाय. अर्धं बोलणं कानावरच पडत नसेल तर माणूस शांतच राहणार की.

मोटारसायकलवर मात्र भिंत नसते. आमच्याकडच्या बाया मागं बसतात त्या दोन्ही पाय डावीकडं सोडून. त्यामुळं तिचं तोंड माझ्या डाव्या खांद्याशी, आणि तिथं माझा मेलेला कान, वरून वारा, वरून थंडीसाठी कानावर बांधलेला रुमाल, आमच्याकडची दस्ती. ताडकळस तिचं माहेर. परभणीहून निघालो की पोचेपर्यंत ती बोलत असायची. घरात तिची सासू, तान्ही पोर, दुकानाचा नोकर. आम्ही दोघंच असायची जागा म्हणजे ती गाडी, म्हणून जे काही मनातलं असेल ते ती तिथं बोलायची. मला त्यातलं काहीच कळायचं नाही. पण मी एक युक्ती शिकलो होतो. बोलताना तिचा हात माझ्या खांद्यावर असायचा. हात जरा दाबला गेला की समजायचं, काहीतरी विचारलंय. मग मी म्हणायचो, "हां."

त्या युक्तीवर संसार चालला. वाईट चालला असं नाही.

एकदा येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, सासऱ्यांच्या शेतात जेवून परत येत होतो. पोर आजीकडं ठेवलेली. पोटात आंबील आणि भज्जी, त्यामुळं सुस्ती. त्या वेळी ती एका खासगी शाळेत शिकवायची. तिथली तुकडी बंद होणार होती, आणि संस्थेनं तिला सांगितलं होतं की आमच्या सोनपेठच्या शाळेत जा, तिथं कायम करू. रोज एसटीनं जाऊन-येऊन करायचं. ती काही दिवस त्याच विचारात होती, एवढं मला माहीत होतं. रस्त्यात कुठंतरी तिचा हात दाबला गेला. मी म्हणालो, "हां हां." थोड्या वेळानं पुन्हा दाबला, जरा जोरात. मी म्हणालो, "हां म्हणलं की."

नंतरच्या आठवड्यात ती घरी आली ती हातात शाल, नारळ आणि गुलाबाचा गुच्छ घेऊन.

"हे काय?"

"निरोप दिला की शाळेनं."

"निरोप? म्हणजे नोकरी सोडली? मला न विचारता?"

तिनं नारळ खाली ठेवला. "अहो, तुमालाच तर इचारलं होतं गाडीवर. सोडून देऊ का म्हणलं. दोनदा इचारलं. दोनदा हां म्हणलाव."

त्या क्षणी सांगता आलं असतं. मोडलेलं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना भेटलो असतो तर त्यांनी राजीनामा परत दिला असता, ते तसं मला नंतर बोललेही. मी म्हणालो, "हो हो, आठवलं." आणि आत गेलो.

कान उघडा पडेल ही भीती होतीच. पण खरं सांगायला बसलोच आहे तर दुसरंही सांगतो. नंतरच्या काही दिवसांत दुपारी दुकानात गरम भाकरीचा डबा येऊ लागला, आईची चिडचिड कमी झाली, पोर सांभाळायचा प्रश्न मिटला. मला ते बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून मी गप्प राहिलो, आणि गप्प राहायची मला सवय होती. ती घरीच गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेऊ लागली. कुणी विचारलं, बाई, नोकरी का सोडली, तर म्हणायची, "ह्यांना आवडत नव्हतं." रागानं नाही. भाजीत मीठ कमी पडलं म्हणावं तसं.

पुढं काही वर्षांनी मी होम थिएटर आणलं. एक कान असलेल्या माणसानं पाच भोंगे आणि एक घुमणारा डबा असा संच आणावा, ह्याला काय म्हणावं? पण माझा हिशेब सरळ होता. ज्या घरात चारी कोपऱ्यांत आवाज लावलाय त्या घरच्या मालकाच्या कानाबद्दल कुणाला शंका येणार? मेकॅनिक जोडून गेल्यावर मी मधल्या खुर्चीत बसलो, तर सगळा आवाज एकाच अंगानं आला. येणारच. रिमोट चाळता चाळता सापडलं की प्रत्येक भोंग्याचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. मी डावीकडचे दोन्ही शेवटपर्यंत चढवले. मग कुठं मला बरोबर वाटलं.

म्हणजे माझं घर इतकी वर्षं माझ्या बहिऱ्या कानाच्या मापानं ऐकत होतं. बायको टीव्ही बघताना सतरंजी ओढत ओढत उजव्या भिंतीशी जायची. "ह्या बाजूनं लय कचकच येती," म्हणायची. मी म्हणायचो, "तुझ्या कानाचा भास हाय."

ह्या दिवाळीला पोरगी पुण्याहून आली. तिथं नोकरी करते. येताना गेम खेळायचा तो कन्सोल घेऊन आली. दुपारची जेवणं झाली आणि तिनं टीव्हीच्या मागं तोंड घातलं.

"पप्पा, ही लाल-पांढरी वायर कवाची हाय?"

"मेकॅनिकनं लावलेली."

"ह्याच्यातून दोनच आवाज जातात. तुमचे मागचे दोघं नुसते शोभेला बसलेत."

मला कुठं माहीत होतं. तिनं लाल-पांढरी वायर काढली. कन्सोलमधून एक एचडीएमआय वायर होम थिएटरला, तिथून दुसरी टीव्हीला. चित्र आलं, आवाज नाही. ती आधी वायरीवर चिडली, मग माझ्यावर, मग लक्षात आलं की होम थिएटरच्या रिमोटवर कन्सोलची जागा निवडायचीच राहिली होती. ती निवडल्यावर आवाज आला, पण समोरूनच. मग कन्सोलच्या सेटिंगमध्ये जाऊन तिनं आवाज दोनवरून सगळ्या भोंग्यांवर केला. आता तपासणी. एकेका भोंग्यातून खस्स असा आवाज सोडायचा आणि सगळे सारखे येतात का बघायचं.

"तुमी मधल्या खुर्चीत बसा. मालक तुमी."

पहिला आवाज समोरच्या डावीकडून निघाला आणि स्वयंपाकघरातून बायको पिठाच्या हातांनी धावत आली.

"अगं माय, गॅस फुटला का?"

पोरगी पोट धरून हसायली. मग रिमोटवर बघून थांबली. "पप्पा, डावीकडचे दोन्ही फुल्ल कुणी केलेत?"

"मेकॅनिकनं केले असतील." तोंडातून आपोआप आलं. त्या बिचाऱ्या मेकॅनिकच्या नावावर मी काय काय खपवलंय.

"येडा होता का त्यो?" तिनं सगळे एका पातळीवर आणले. बायको दाराला टेकून बघत होती. पोरगी माझ्या मागं जाऊन उभी राहिली. "आता पुन्हा. समोरचा डावा. सारखा?"

"हां."

"मधला?"

"हां."

"समोरचा उजवा. मागचा उजवा."

"हां. हां."

जरा वेळ गेला. ठेका मला पाठ झाला होता. मी म्हणालो, "हां."

मग पोरगी हळू म्हणाली, "पप्पा, मागचा डावा मी अजून वाजवलाच न्हाई."

मी मेकॅनिकचं नाव घेऊ शकलो असतो. पंख्याचं, शेजारच्या मिक्सरचं, वयाचं. समोर दारात बायको होती, दोन्ही हात पिठानं भरलेले, आणि ती माझ्याकडं असं बघत होती की जणू बेरजेत चूक कुठं झाली ते शोधतेय. आई जाऊन बरीच वर्षं झाली. आता सोयरीक मोडायची भीती कुणाला होती?

"मला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई," मी म्हणालो.

"कवापासनं?" बायकोनं विचारलं.

"लहानपणापासनं."

"म्हणजे बघायला आलाव तवा..."

"तवाबी."

ती आत गेली. नळ वाहिला. मला वाटलं आता रडेल किंवा भावाला फोन लावेल. हात पुसत बाहेर आली.

"माझ्या बापाला हे माहीत असतं ना..."

"तर?"

"तर तुमाला उजवीकडून शिव्या दिल्या असत्या. आणखी काय?" आणि मग तिलाच हसू आलं. "येवढी वर्षं मला म्हणायलाव, तुझ्या कानाचा भास. मी म्हणलं खरंच माझ्या कानात काय बिघडलंय! दवाखान्यात जाणार होते मी!"

पोरीनं मला खुर्चीतून उठवलं. "उठा. ज्याला दोन कान हायत त्याला बसू द्या मधी." बायको तिथं बसली. तपासणी पुन्हा पहिल्यापासून झाली. ती डोळे मिटून, पोरांची तोंडी परीक्षा घेतल्यासारखी एकेका भोंग्याला गुण देत होती. हा जास्त, हा कमी, ह्याला जरा वर घे. सगळे जुळल्यावर पोरीनं गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला आणि आईच्या हातात गेमचा रिमोट दिला. तिची गाडी आधी कुंपणात, मग दुसऱ्या कुंपणात, मग उलट्या दिशेनं. आणि मग एकदम तिनं मान डावीकडं वळवून मागं बघितलं. भिंतीकडं.

"मागून गाडी आली की हो!"

मला काही ऐकू आली नाही. पण तिचं ते वळून बघणं मी बघितलं, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी बाहेर जाऊन उगाच मोटारसायकल पुसली. आत दोघी ओरडत होत्या. शेजारीण विचारायला आली, काय झालं. मी म्हणालो, शर्यत चाललीय, मिसेस हरायल्यात.

चहाच्या वेळी तिनं माझा कप माझ्या उजव्या हाताला ठेवला आणि त्याच बाजूला बसली.

"गाडीवरबी येत नव्हतं?"

"न्हाई."

"म्हणजे मी ताडकळसपर्यंत बोलायची ते सगळं..."

"न्हाई."

"बया! सासूबाईंबद्दल काय काय बोलले होते मी. तरीच म्हणलं, हा माणूस आईबद्दल येवढं ऐकून घेतोय, देवमाणूसच हाय." ती हसली, मीही हसलो. मग हसता हसता ती थांबली. कप तोंडाशी नेलेला तसाच राहिला. डोळे कुठंतरी लांब. मी वाट बघत होतो. तिनं चहा संपवला, माझा रिकामा कप उचलला आणि म्हणाली, "चला, पोरं येतील शिकवणीला."

ती त्या येळवसेपर्यंत पोचली होती की नाही, मला माहीत नाही. पोचली असेल तर तिनं विचारलं नाही. आणि मी कानाचं सांगून मोकळा झालो, त्याच दमात पुढचं सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. घरात सुख भरलेलं होतं, पोरगी हसत होती, त्यात कशाला, असं मनाला समजावलं. तीच जुनी सवय.

पोरगी पुण्याला परत गेली, कन्सोल मात्र इथंच ठेवून. संध्याकाळी शिकवणी सुटली की बायको एक शर्यत खेळते. आता हरत नाही. मी तिच्या डावीकडं बसतो, म्हणजे माझा चांगला कान तिच्याकडं येतो, आणि तिची बडबड पहिल्यांदाच अख्खी ऐकतो. ती किती मजेशीर बोलते हे मला आता कळायलंय. गेमातल्या गाड्यांना नावं ठेवते, माझ्या गिऱ्हाइकांना नावं ठेवते, मधेच गणितात कच्च्या पोरावर काय इलाज करावा ते सांगते. शिकवण्याबद्दल बोलताना तिचा आवाज बदलतो. तो बदल मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

तिनं नोकरी सोडावी असं मला कधीच वाटलं नव्हतं. तिनं गाडीवर जे विचारलं ते मी ऐकलंच नव्हतं, आणि ते कळल्यावर सोयीचं वाटलं म्हणून गप्प बसलो. ही दोन वाक्यं मी इथं लिहिली, पण तिला अजून सांगितलेली नाहीत. ती तिला तोंडानं सांगायचं देणं माझ्याकडं आहे.